पोश्याची सही

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत संजीवनी वेखंडेला लोक 'शोधवाली बाई' म्हणत. नेमणुकीच्या पत्रावर तिचं पद लांबलचक इंग्रजीत होतं. ते तिच्या आईला सांगता येत नसे आणि सासूला पटत नसे. काम मात्र एका वाक्यात मावणारं होतं. गावोगाव फिरायचं, काही नवीन बनवणारी माणसं हुडकायची आणि त्यांना मुंबईच्या 'क्षितिज निधी'पर्यंत न्यायचं. निधीकडे पैसा होता, शास्त्रज्ञ होते, काचेचं मोठं ऑफिस होतं. माणसं तेवढी नव्हती.

संजीवनीचं माहेर किन्हवलीकडचं, घर भातशेतीचं. घरातली पहिली डिप्लोमावाली ती, तोही इलेक्ट्रॉनिक्सचा. आता वाशिंदला नवऱ्याबरोबर दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायची आणि सकाळी डबा भरून स्कूटीला किक मारायची. तीन वर्षांत तिने चाळीस-एक शोधक शोधले होते. त्यात पाण्यावर गाडी चालवतो म्हणणारा एक होता, त्याची गाडी तिच्यासमोर एकदाही चालू झाली नाही. एका निवृत्त गुरुजींचं एकदा फिरवलं की कधीच थांबत नाही असं चाक होतं. ते थांबल्यावर गुरुजी तिच्यावरच चिडले, "तुझी स्कूटी उभी केलीस ना जवळ, तिच्यामुळे थांबलं." सायकलच्या चाकांवर भात लावायचं यंत्र करणारी एक बाई मात्र खरंच हुशार होती. संजीवनीने तिचा प्रस्ताव मनापासून लिहिला. निधीच्या जयश्री मॅडमचा फोन आला.

"छान आहे गं, पण हा जुगाड झाला. आपल्याला मोठं पाहिजे. जगात कुणी केलं नसेल असं काहीतरी."

"मॅडम, जगात कुणी केलं नसेल असं मुरबाडमध्ये कुणी कशाला करेल?"

"ते शोधायलाच तर तुला ठेवलंय," जयश्री मॅडम हसून म्हणाल्या. बाई चांगल्या होत्या. पण तीन वर्षांत या दोन तालुक्यांतून निधीने एकालाही पैसे दिले नव्हते, आणि हे त्या दर मार्चला गोड आवाजात सांगत.

महिपत फर्डे तिला सापडला तो मिक्सरमुळे. घरचा मिक्सर जळाला म्हणून ती शहापूरच्या बाजारात दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकानदार म्हणाला, "मोटार नाय मिळायची ताई. जुन्या मोटारी समद्या म्हैपत घेऊन जातो."

"कशाला?"

"आभाळ मोजायला," असं म्हणून दुकानदाराने डोळा मारला. गिऱ्हाइकं हसली. संजीवनीने वही काढली.

उंबरमाळीच्या थांब्यावरून वर जंगलात पाऊण तास गेलं की टेकाडाच्या, म्हणजे टेपाच्या, पायथ्याशी टेपाचा पाडा लागतो. चौदा घरं कुणब्यांची, आणि ओहोळाच्या पलीकडे नऊ झोपड्यांची कातकरवाडी. महिपत चाळिशीचा. आयटीआय केलेला, वाशिंदच्या एका कारखान्यात कंत्राटावर इलेक्ट्रिशियन होता. कंत्राट संपल्यावर घरी येऊन शेती आणि दुरुस्त्या करत होता. पाच वर्षांपूर्वी ऑक्टोबरात भाताचा भारा उचलताना त्याची रंगूवहिनी बांधावर वीज पडून गेली. महिपत तिच्यापासून चाळीस पावलांवर होता. आभाळ काळं होतं, पण तोवर गडगडलंसुद्धा नव्हतं. पहिलीच वीज तिच्यावर पडली.

"दुसऱ्या विजेला समदेच पळतात," तो संजीवनीला म्हणाला होता. "पयल्या विजेचं कुनी सांगत नाय. तेवढंच मला पायजे व्हतं."

त्याने दाखवलेला डबा पाहून संजीवनी अर्धा तास नुसती बसून राहिली. मिक्सरची मोटार, तिच्यावर चार पाकळ्यांसारखी कापलेली स्टीलची ताटली, आणि ताटलीमागे पत्र्याच्या चकत्या. ताटली फिरली की चकत्या क्षणभर उघड्या पडायच्या, क्षणभर झाकल्या जायच्या. हवेत विजेचा ताण असला तर त्या उघडझापीत चकत्यांमध्ये बारीकसा प्रवाह येतो. ढग डोक्यावर भरत चालला की प्रवाह वाढतो, वीज पडायच्या आधीच. हे तत्त्व पुस्तकात आहे, तिने कॉलेजात एका परिच्छेदात वाचलंही होतं. पण परदेशातून येणाऱ्या तसल्या यंत्राच्या किमतीत टेपाचा पाडा विकत आला असता. इथे ते एका डब्यात, बांबूच्या खांबाला टांगलेलं होतं. खाली भोंगा आणि वही. गेल्या ऑक्टोबरात नऊ वेळा भोंगा वाजला होता. नवांपैकी सात वेळा पंधरा-वीस मिनिटांत आसपास वीज पडली. भोंगा न वाजता पडली असं एकदाही झालं नव्हतं.

असे तीन डबे होते. एक महिपतच्या अंगणात, एक माळावर, एक कातकरवाडीत पोश्या वाघेच्या झोपडीशी. महिपतला चाळीस हवे होते. उंबरमाळीपासून मुरबाडच्या घाटाखालच्या गावांपर्यंत, एकमेकांशी रेडिओने बोलणारे. म्हणजे ढग कुठून कुठे सरकतोय आणि पहिली वीज कोणत्या शिवारात पडेल ते आधी सांगता आलं असतं.

"फोनवर येतं की आता विजेचं," संजीवनीने मुद्दामच विचारलं. ऑफिसात हेच विचारतील हे तिला ठाऊक होतं.

महिपतची बायको सारिका चुलीपुढून म्हणाली, "फोन ऱ्हातो घरात डब्यात. कापनीला कोन फोन घेऊन जातं? आनि रेंज टेपावर चढलं तर. टेपावर चढूनच तर वीज पडंल ना अंगावर!"

संजीवनी मोठ्याने हसली. घरी परतताना उतारावर तिने स्कूटी दोनदा थांबवली, उगाचच. चाळीस माणसांनंतर तिला एक सापडला होता.

*

घोटाळा अर्ज भरतानाच झाला, आणि तो दोघांनी मिळून केला.

टेपाच्या पाड्यात शेती सावडीने चालते. आज तुझ्या शेतात सगळे, उद्या माझ्या. पैसा कुणी कुणाला देत नाही. पण एक रिवाज कुणी मोडत नाही. संध्याकाळी काम उरकलं की ज्याचं शेत तो अंगणात उभा राहून आलेल्या प्रत्येकाचं नाव घेतो. कुणी काय केलं तेही सांगतो. एखादं नाव राहिलं तर तो माणूस भांडत नाही, पुढच्या वर्षी येतही नाही. किन्हवलीकडे संजीवनीच्या माहेरीही थोडंफार असंच होतं. तिचे वडील नावं घेताना बोटांवर मोजत, आणि राहिलेलं नाव तिची आई आतून ओरडून सांगे.

महिपत डब्याच्या मागे लागला तेव्हा दोन वर्षं त्याची लावणी आणि कापणी पाड्याने करून दिली होती. म्हणजे डबाही सावडीचाच. अर्जात 'सहभागी व्यक्ती व त्यांचे योगदान' असा रकाना होता. महिपत अंगणात उभा राहिला आणि नावं घेऊ लागला, संजीवनी लिहू लागली. विठूने बांबू दिले. पंढरीने जुन्या जीपचा भोंगा दिला.

"आनि शिव्या दिल्या त्या लिव," पंढरी मधेच म्हणाला. "रोज पाटे भोंगा वाजवायचा ह्यो. माझी म्हस आटली."

"म्हस तुझ्यामुळं आटली," महिपत म्हणाला. सगळे हसले. संजीवनीने म्हैस सोडून बाकी सगळं लिहिलं. अकरा नावं झाली. अकरावं पोश्या वाघेचं. त्याच्यापुढे तिने महिपतने सांगितलं तसंच लिहिलं : डबा उलटा टांगण्याची कल्पना.

ती गोष्ट अशी होती. डब्याचं तोंड आधी आभाळाकडे होतं. ढगाला मोजायचं तर ढगाकडेच बघायला हवं, असा सरळ हिशेब. पण पाऊस चकत्यांवर उडायचा आणि आकडे वेडेवाकडे यायचे. आठ महिने महिपतने नाना छपरं करून पाहिली. एकदा तो डब्यावर छत्री धरून उभा असताना पोश्या खेकडे घेऊन बांधावरून चालला होता. तो थांबला आणि म्हणाला, "आरं तोंड खाली कर ना त्याचं. सुगरन खोपा कसा बांदते? तिची पिल्लं कधी भिजत्यात का?" महिपतने डबा उलटा केला. आकडे कमी आले, पण स्वच्छ आले. थेंबांचा गोंधळ गेला. त्या दिवसापासून यंत्र यंत्र झालं.

मार्चच्या सुरुवातीला मुलाखत झाली, ऑनलाइन, शहापूरच्या एका कॉम्प्युटर क्लासच्या खोलीत. महिपतबरोबर पंढरीच्या जीपमधून सात जण आले होते आणि कॅमेऱ्याच्या मागे भिंतीला टेकून उभे होते. आदल्या दिवशी संजीवनीने महिपतला बजावलं होतं, "उद्या सारखं आमी आमी करू नका. मी म्हणा. मी केलं, मला सुचलं."

"मी," महिपत म्हणाला आणि लाजला.

पडद्यावर जयश्री मॅडम आणि एक पांढऱ्या केसांचे शास्त्रज्ञ होते. शास्त्रज्ञांनी वहीची पानं आधीच वाचली होती. तासभर ते विचारत राहिले, त्यांचा आवाज उत्साहाने चढत गेला. शेवटी ते मॅडमना म्हणाले की ही नोंद खरी असेल तर एवढ्या किमतीत हे काम मी कुठेच पाहिलेलं नाही. संजीवनीने टेबलाखाली मूठ आवळली.

"एकच प्रश्न," शास्त्रज्ञ म्हणाले. "सगळ्या यंत्राचं मर्म ते उलटं टांगण्यात आहे. ते तुम्हाला कसं सुचलं?"

महिपतने संजीवनीकडे पाहिलं. मग भिंतीशी उभ्या असलेल्या सात जणांकडे. त्या सातांत पोश्या नव्हता. तो दिवाळीनंतर बायकोला घेऊन वीटभट्टीवर गेला होता.

"ते पोश्याला सुचलं," महिपत म्हणाला.

भिंतीकडून समाधानाचा हुंकार आला. नाव राहिलं नव्हतं.

*

आठवड्याने जयश्री मॅडमचा फोन आला. निवड झाली होती. चाळीस डबे, दोन वर्षांचा पगार, प्रयोगशाळा, सगळं. संजीवनीला रडू फुटलं. मॅडमनी तिला रडू दिलं आणि मग म्हणाल्या, "फक्त एक कागद राहिलाय गं. आमच्या वकिलांनी पोश्या वाघेचं नाव अडवलंय."

बाकीचे दहा जण मदतनीस ठरत होते. त्यांची साधी सही पुरेशी होती, ती मिळालीही होती. पोश्या मात्र, महिपतच्याच तोंडून, शोधक ठरत होता. शोधक असेल तर महिपतबरोबर त्याचाही करार हवा. करारासाठी पॅन कार्ड, बँक खातं, मुंबईत येऊन पडताळणी. पोश्याकडे यातलं काही नव्हतं, आणि निधीचं वर्ष एकतीस मार्चला संपत होतं. वीस दिवस उरले होते.

"नाहीतर त्याने हक्क सोडल्याच्या कागदावर सही करायची," मॅडम म्हणाल्या. "ते सोपं आहे. कागद त्याला मोठ्याने वाचून दाखव आणि त्याचा व्हिडिओ काढ. म्हणजे फसवून घेतली असं उद्या कुणी म्हणणार नाही."

पोश्या कोणत्या भट्टीवर आहे ते पाड्यात कुणाला नक्की माहीत नव्हतं. "मुरबाडच्या अंगाला" एवढंच. संजीवनी पाच दिवस कल्याण-मुरबाड रस्त्याच्या आतल्या बाजूला भट्ट्या फिरत होती. सातव्या भट्टीवर तो सापडला. दुपारी दोनची वेळ. पोश्या गुडघ्यापर्यंत चिखलात उभा राहून गारा तुडवत होता. बायको साच्यातून विटा काढून ओळीने मांडत होती. पन्नाशीचा, काटक माणूस. संजीवनीला ओळखून त्याने हात वर केला.

"शोधवाली बाय! हितं काय शोधतीस? हितं विटा हायेत नुसत्या."

"तुलाच शोधत होते पोश्यादादा."

"मी कदी हरवलो?" तो बाहेर आला. हात पत्र्याच्या ड्रमात बुडवून धुतले. "म्हैपतचं काम झालं का?"

"झालं. तुझी सही राहिलीय."

"आन मंग." त्याने पेन मागितलं. आश्रमशाळेत तो पाचवीपर्यंत शिकलेला होता, सही करता येत असे. "कुठं करू? हितं?"

त्या क्षणी पेन त्याच्या हातात होतं आणि कागद विटांच्या थप्पीवर पसरलेला होता. संजीवनीला पुढे कित्येक दिवस तो क्षण आठवत राहिला. तिने मोबाइल थप्पीला टेकवून उभा केला आणि म्हणाली, "थांब, आधी वाचून दाखवायचाय. नियम आहे."

ती वाचू लागली. 'मी, खाली सही करणार, असे लिहून देतो की सदर शोधात माझा कोणताही हक्क, हिस्सा, सहभाग अथवा दावा नाही, व यापुढेही राहणार नाही...'

पोश्या मान हलवत ऐकत होता. मग मान थांबली. "परत वाच."

तिने परत वाचलं.

"सहभाग नाय म्हंजे?"

"म्हणजे पैशावर वगैरे हक्क नाही, असं."

"पैसं कोन मागतंय?" तो शांतपणे म्हणाला. "पन ह्यात लिवलंय मी नव्हतोच."

"तसं नाही रे दादा. कायद्याची भाषा आहे."

"मंग उलटा कर म्हनून म्हैपतनं सोताच सोताला सांगितलं?"

संजीवनीने मोबाइलचं रेकॉर्डिंग बंद केलं.

"म्हैपतनं असं सांगितलं त्यांना?"

"नाही. त्याने तुझंच नाव घेतलं. सगळ्यांसमोर."

"मंग ह्ये कोन बोलतंय?" पोश्याने कागदावर बोट ठेवलं. ओल्या बोटाचा तांबडा ठसा उमटला. तो एकदम ओशाळला आणि बाहीने पुसायला लागला, त्यामुळे डाग आणखीच पसरला. "घान झाला गो कागद."

"असू दे, दुसरा आहे."

त्याची बायको हात पुसत आली. झोपडीच्या सावलीत काळा चहा झाला. तिघं उकिडवी बसून प्याली. पोश्या रागावलेला नव्हता, आणि त्याचाच संजीवनीला जास्त त्रास होत होता. राग असता तर समजूत घालता आली असती. तिने त्याला सगळं सांगितलं. वीस दिवसांतले पंधराच उरलेत, सही नसेल तर चाळीस डबे होणार नाहीत, ऑक्टोबर येणारच आहे. रंगूवहिनीचंही सांगितलं.

"रंगूला खांदा दिला मी," पोश्या म्हणाला. "मला नको सांगूस." मग कपातला चोथा बाजूला फेकून म्हणाला, "म्हैपतला फोन लाव. तो बोलला कर, तर करतो."

महिपतने रोज दुपारी फोन घेऊन टेपावर चढायचं असं आधीच ठरलं होतं. पाऊण तास सारखा लावल्यावर फोन लागला. तिने स्पीकर चालू केला.

"काय रं पोश्या."

"काय नाय. बरा हायेस?"

"बराय. भट्टी पेटली का?"

"पयली उतरली. दुसरी भरतूय. मोहाची फुलं कशी हायेत औंदा?"

"लय हायेत. तुझ्या झोपडीमागचा मोह तर नुसता पांढरा झालाय खाली. सारिका येचते रोज. तुमचं ठेवलंय येगळं."

"ठेव. डबा बघतोस ना माझ्याकडचा? मुंग्या लागत्यात त्याला."

"राख टाकलीय."

मग दोघंही थांबले. वाऱ्याचा आवाज तेवढा येत होता. संजीवनी दोन्ही हात जोडून फोनकडे बघत होती. कुणीतरी बोला. कुणीही.

"बाय आलीय कागद घेऊन," पोश्या म्हणाला.

"हां. माहीत हाय."

"मंग?"

"तुला वाटंल तसं कर."

"तू सांग ना."

"मी कसं सांगू, पोश्या?"

पुन्हा वारा. शेवटी महिपत म्हणाला, "जूनला येशील ना रं लवकर?" आणि पोश्या म्हणाला, "येतो की." फोन बंद झाला.

पोश्याने पेन संजीवनीच्या पुढ्यात ठेवलं. "तो नाय बोलला कर म्हनून," तो म्हणाला, आणि चिखलात परत उतरला.

*

"मग नावच काढून टाकू," जयश्री मॅडम फोनवर म्हणाल्या. त्यांचाही आवाज थकलेला होता. "महिपतने लिहून द्यायचं की अर्जात आणि मुलाखतीत माझी चूक झाली, कल्पना माझीच होती. एक पान फक्त. वकील चालवून घेतील. संजीवनी, हे मी तुला सांगतेय ते मलाही आवडत नाहीये. पण माझ्या हातात एवढंच आहे."

एकोणतीस तारखेला संजीवनी ते एक पान घेऊन पाड्यावर गेली. रस्ताभर ती मनात वाक्यं जुळवत होती. एकही जमलं नाही. महिपतने पान उभ्यानेच वाचलं. सारिका त्याच्या खांद्यावरून वाचत होती.

"करा सही," सारिका म्हणाली.

महिपतने पान उलटून मागची कोरी बाजू पाहिली.

"करा म्हनते ना. पोश्याभाऊ काय खानार हाय तुमाला? त्याला सांगू मागनं. त्याला घरात बसवून जेवू घालू, पाया पडू. ऑक्टोबरात शेतात मी जाते, तुमची आय जाते. तवा ह्यो कागद भोंगा वाजवंल का?"

तिचं बरोबर होतं. संजीवनीला तिच्या बाजूने बोलायचं होतं, आणि पोश्याच्याही. एकीकडून तोंड उघडलं की दुसरीकडून ते मिटत होतं. महिपतने पेन घेतलं, पायरीवर बसला, पान मांडीवर ठेवलं. 'सदर कल्पना ही सर्वस्वी माझीच' या ओळीवर त्याचं बोट थांबलं. पेनचं टोक त्याने दोनदा कागदाला टेकवलं. दोन ठिपके उमटले, त्यापुढे हात गेला नाही.

"जूनला तो ह्याच बांधावरून येईल," तो म्हणाला. "समोरनं येईल. मी तवा बघू कुठं?"

"आभाळाकडं बगा!" सारिका ओरडली. "तेच करत आलायसा पाच वर्सं!" आणि आत निघून गेली. आतून भांडी आदळल्याचा आवाज आला.

महिपतने पान घडी न घालता तसंच संजीवनीच्या हातात दिलं. "तूच भर गो," तो एकदम म्हणाला. "तू शिकलेली हायेस. तूच कायतरी लिव त्यांना कळंल असं. आमच्यात कसं असतं ते सांग ना त्यांना."

ते तिने सांगितलं होतं. तीन ईमेल लिहिले होते. सावड म्हणजे काय, अंगणात उभं राहून नावं घेणं म्हणजे काय. वकिलांचं दोन ओळींचं उत्तर आलं होतं. माहिती उद्बोधक आहे, तथापि करारात व्यक्ती स्पष्ट असणं आवश्यक आहे. यात वकिलांचं काय चुकलं हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. कुणीतरी उद्या पोश्याला फसवू नये म्हणूनच तो नियम होता.

एकतीस मार्चला ती वाशिंदला घरात लॅपटॉपपुढे बसली होती. संध्याकाळी सहाला निधीच्या वेबसाइटवर कागद चढवायची मुदत संपणार होती. साडेपाचला जयश्री मॅडमचा मेसेज आला : काही? तिने लिहिलं : नाही. सहा वाजता पडद्यावरचं हिरवं बटण राखाडी झालं. तिने ते उगाच दाबून पाहिलं.

पैसे परत गेले नाहीत, निधीचे पैसे परत जात नसतात. ते दुसऱ्या कुठल्यातरी जिल्ह्यातल्या एका तरुणाला मिळाले. त्याचं काम चांगलं होतं आणि ते सगळं त्याने एकट्याने केलं होतं. मॅडमनी कळवलं की महिपत पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करू शकतो, पण मुलाखतीची नोंद कायम राहील. म्हणजे पुन्हा तोच कागद. पांढऱ्या केसांच्या शास्त्रज्ञांनी स्वतःहून फोन करून हळहळ व्यक्त केली. त्यांनी महिपतला एक जाड इंग्रजी पुस्तक पाठवलं. महिपतने संजीवनीकडूनच त्यांना निरोप पाठवून विचारलं, ह्यात चाळीस डबे कुठल्या पानावर आहेत? हे तो चेष्टेने म्हणाला की कसं, ते तिला कळलं नाही.

एप्रिलमध्ये नवीन वर्षाचं उद्दिष्ट आलं : दहा शोधक, त्यांतला एक तरी 'झेप घेणारा'. मुरबाडच्या एका गावातून निरोप होता. जनाबाई म्हणून कुणी आहे, तिने भाताच्या तुसापासून पाणी गाळायची चाळणी केलीय, आणि तिने गाळलेल्या पाण्याचा तपासणी अहवाल पाहून तालुक्याचा डॉक्टर चक्रावलाय. संजीवनी भर उन्हात तिथे पोचली. पडवीत मातीच्या, भाजलेल्या, काळ्या चकत्यांची ओळ लावलेली होती. तिने एक उचलून उजेडात धरली. भोकं डोळ्यांना दिसतही नव्हती. चकतीवर पाणी ओतलं तर ते थेंबथेंब खाली उतरत होतं, आणि खालच्या लोट्यात काचेसारखं साठत होतं. 

पूर्वी ती अशा वेळी विचारायची, हे कसं केलंत? आज तिने लोटा खाली ठेवला आणि तिच्या तोंडून आधी दुसरंच आलं.

"मावशी, हे तुम्ही एकटीनेच केलंय ना?"

जनाबाई हसली, तोंडावर पदर घेऊन. "एकटीनं? एकटीनं कसं व्हईल, बाय?" आणि मागे वळून तिने घरात, शेजारच्या पडवीत, विहिरीकडे हाका मारायला सुरुवात केली. बायका हात पुसत एकेक करून बाहेर येऊ लागल्या. चौघी, मग सहा. विहिरीकडून आणखी दोघी कळशा घेऊन येत होत्या. जनाबाई प्रत्येकीचा दंड धरून तिला पुढे करत होती, ही माती आणते, ही तूस भाजते, हिला भोकाचं सुचलं.

संजीवनीच्या हातात वही होती. तिने ती उघडली, पेनचं टोपण काढलं, आणि तशीच बसून राहिली.